सुईचा पहिला मान

गावात कोणालाही विचारा, गोवराची पहिली सुई देवीच्या नारळाला टोचली असं सांगतील. ते खोटं आहे. पहिली सुई पऱ्यापलीकडे बौद्धवाडीत टोचली आणि त्याच दिवशी तिथली शेवटची माझ्या नातीला. नारळाचा नंबर नंतर महिन्याने लागला. मी दोन्ही वेळेला तिथे होते, म्हणून लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. परवाच्या मोठ्या साथीत लस आली तेव्हा शिकलेली माणसं मोबाईलवर काय काय वाचून दाखवत होती. त्यावरून हे आठवलं. तेव्हा मोबाईल नव्हता, पण त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

ऐंशीनंतरची ती मधली वर्षं. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, उताराला. दोन वाड्या, वरची आणि खालची, मध्ये देवीचं देऊळ. खालच्या वाडीला लागून पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्याच्या पलीकडे बौद्धवाडी. कमावते पुरुष मुंबईला. गावात राहिलेले म्हणजे म्हातारे, बायका, पोरं आणि मानकरी. मानकरी वेगळे लिहिले, कारण ते स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नसत.

मान म्हणजे काय ते सांगायला हवं. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. ती पहिली कोणाच्या अंगणात उतरायची, तो पहिला मान. वरच्या वाडीचा थोरला मानकरी म्हणायचा, तो पिढ्यान् पिढ्या आमचा. खालच्या वाडीचा मानकरी म्हणायचा, एक वर्ष तुमचा, एक वर्ष आमचा. आमचं घर खालच्या वाडीत, आणि हा मानकरी माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्या वर्षी पालखी भर उन्हात देवळाच्या पायरीवर अडकून पडली. शेवटी ती दोन वाड्यांच्या मधल्या बांधावर उतरवली, आणि दोन्ही मानकऱ्यांनी बांधाच्या आपापल्या बाजूने तिला नारळ दिला. देवी कोणाच्याच अंगणात गेली नाही. दोघेही जिंकल्यासारखे घरी गेले.

शिमगा सरला आणि शेजारच्या गावात गोवर आला.

माझ्या घरात तेव्हा नवरा, सून आणि दहा-अकरा महिन्यांची नात. मुलगा मुंबईला. माझा मधला मुलगा गोवरात गेला होता, याच नातीएवढा असताना. घरात फोडणी दिली नव्हती, दाराला लिंबाचे डहाळे लावले होते, पाहुणा आत घेतला नव्हता. सगळं रीतीप्रमाणे केलं आणि पोर गेलं. त्यामुळे शेजारच्या गावाची बातमी आली तेव्हा मी डहाळे शोधायला गेले नाही. उपकेंद्रात नवीन नर्सबाई आली होती, तिच्याकडे गेले.

नर्सबाई कोल्हापूरकडची. उंच, खणखणीत आवाजाची. ती म्हणाली, "मावशी, तुमी आला न्हाईसा तरी मीच येणार हुते. गोवराची नवी सुई आलीया. नऊ म्हैन्यांच्या म्होरलं आन दोन वर्साच्या आतलं पोर पायजे. पर एका पोरासाठी बाटली फोडता येत न्हाई. फोडली की थोड्या तासांत संपवाय लागती. पाच पोरं जमवा, मी बर्फात घालून घिऊन येते."

एवढंच काम होतं. पाच पोरं जमवायची.

मी विहिरीवर विषय काढला. बायकांना सुईची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. एक म्हणाली, "ही नसबंदीचीच सुई हाय. आणीबाणीत जीप घेऊन मागे धावायला लागलं ना, म्हणून आता लहानपणीच टोचून ठेवतात."

"मग पोरींना कशाला टोचतात?" मी विचारलं.

"पोरींची येगळी असंल."

शिमग्याला मुंबईहून आलेला आणि अजून परत न गेलेला एकजण होता. त्याने सांगितलं की ते औषध माकडाच्या रक्तातून काढतात आणि मुंबईत ते कोणी घेत नाही. त्याला पोरबाळ नव्हतं आणि मुंबईत तो कोणाला ओळखत असेल असंही वाटत नव्हतं, पण तो मुंबईहून आला होता. नर्सबाईने एकच गोष्ट बजावली होती की आठवड्याभराने थोडा ताप येईल, घाबरू नका. तेवढी गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. ती कोणी लक्षातही ठेवली नाही. तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

पण खरी अडचण माझ्या शेजारणीने काढली. ती म्हणाली, "गोवर म्हणजे देवीच येते अंगावर. तू तुज्या दारात तिला अडवलीस तर ती जाणार कुठे?"

"कुठे?"

"माज्या घरात! बाजूचंच दार ना?"

हे सगळ्यांना पटलं. एका घराने सुई घेतली तर देवी रागाने शेजारच्या घरात शिरणार. म्हणजे घ्यायची तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. दुसऱ्या दिवसापासून बायका एकमेकींच्या दारावर नजर ठेवू लागल्या. मी नातीला कडेवर घेऊन नुसती परसात गेले तरी शेजारीण विचारायची, "कुठे गो चाललीस पोरीला घेऊन?"

सून तर अगोदरच घाबरलेली. मुलाने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप पाठवला होता की मी येईपर्यंत सुईबिई टोचू नका. मी तिला म्हटलं, "तो गणपतीला येणार. गोवर तोपर्यंत सड्यावर बसून राहील काय?"

"आत्या, दुसऱ्या कोणाच्या पोराला टोचू दे. मग बघू."

सगळ्या गावाचं हेच मत होतं. प्रत्येकाला दुसरा नंबर हवा होता.

शेवटी प्रश्न देवीकडे गेला. आमच्याकडे मोठं काही अडलं की कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला ते बरं वाटलं. देवीच्या अंगणात सगळी पोरं एकत्र जमतील, कौल उजवा पडला तर तिथल्या तिथे काम होईल. नर्सबाईला तो दिवस कळवला.

ती सकाळी एसटीने आली. खांद्याला पट्ट्याने लटकवलेला निळा डबा. उघडला तर आत बर्फाच्या लाद्या. झालं, सुईची भीती राहिली बाजूला. गावाने आजवर बर्फ पाहिला होता तो रत्नागिरीच्या बंदरावर मासळीखालचा, लाल पाण्यातला. हा स्वच्छ. पोरांना हात लावायचा होता, पोरांच्या आयांना लावायचा होता. थोरला मानकरी पुढे झाला. सत्तरी ओलांडलेला माणूस. म्हणाला, "बघू जरा," आणि एक तुकडा उचलून तोंडात टाकला. मग खालच्या वाडीच्या मानकऱ्याने त्याच्यापेक्षा मोठा उचलला.

"अवो, खाऊ नगा की! औषधाचा बर्फ हाय त्यो!"

"चांगला हाय," थोरला मानकरी गालात बर्फ फिरवत म्हणाला. "गार हाय."

गुरवाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं, "आई, ही नवी सुई गावात आलीय. पोराबाळांच्या भल्याची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." सगळे "होय महाराजा" म्हणाले. मग वाट बघणं सुरू झालं. दोन्ही पाकळ्या घट्ट बसल्या. ऊन चढलं. पोरं रडायला लागली. नर्सबाई दर थोड्या वेळाने डबा उघडून बघायची आणि तेवढ्यात कोणीतरी बर्फ उचलायचं.

"गुरवकाका, पाणी जास्त लावलंसा काय?" तिने विचारलं.

"देवी इचार करतेय," गुरव म्हणाला. "तिला पण सुई नवीनच हाय."

भर दुपारी उजवी पाकळी पडली. नर्सबाई उठली. "चला, पयलं कोन? आना पोर."

कोणी हललं नाही. सुई घ्यावी की नाही एवढंच देवीला विचारलं होतं. पहिली कोणी घ्यावी हे विचारायचं राहून गेलं होतं.

थोरला मानकरी खाकरला. "खालच्या वाडीपासून सुरू करा. त्यांच्यात पोरं जास्त हायत."

त्यावर खालच्या वाडीचा मानकरी म्हणाला, "आमची कशाला? पयला मान तुमचा ना? पालखी आली की पयली तुमच्या दारात पायजे, आन सुई आली की खालची वाडी आठवली काय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. थोरला मानकरी लाल झाला. "मान आमचा हाय तो आमचाच हाय. पालखी असो नायतर सुई असो!"

"म्हणजे पयली सुई तुमच्या घरात?"

"माज्याच घरात!"

खालचा मानकरी हसत होता, तो हसताना थांबला. त्याच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. सगळ्या गावासमोर, देवीसमोर आणि सरकारच्या बाईसमोर पहिला मान वरच्या वाडीला मिळत होता आणि तो देणारा तो स्वतःच होता. पुढच्या शिमग्याला बोलायला तोंड राहिलं नसतं.

"थांबा," तो म्हणाला. "यंदा पाळी आमची हाय. पयली सुई खालच्या वाडीत."

"आत्ताच तर नको म्हणत होतास!"

"सुई नको म्हणत होतो. मान नको कधी म्हणालो?"

पहिली सुई कोणालाच नको होती, ती आता दोन्ही वाड्यांना हवी झाली. मला वाटलं, बरं झालं, भांडत भांडत का होईना टोचून घेतील. पण थोरल्या मानकऱ्याच्या घरात लहान पोरच नव्हतं. मुलगे, सुना, नातवंडं सगळी मुंबईला. घरात तो आणि त्याची बायको. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला.

"टोच."

नर्सबाई त्याच्याकडे बघत राहिली. "आजोबा, ही पोरांची हाय."

"मान घराचा असतो. वयाचा नसतो."

"तुमास्नी ल्हानपनी गोवर आला आसंल की."

"आला होता."

"मग आता पुन्यांदा येत न्हाई. सुई वाया जाईल."

"जाऊ दे वाया. मग पोरांना टोच. पण पयली हितं." त्याने दंडावर बोट ठेवलं.

खालचा मानकरी त्याच्या आडवा उभा राहिला. त्याचीही बाही वर गेली होती. दोन म्हातारे उघड्या दंडांनी एकमेकांना ढकलत होते आणि ज्यांच्यासाठी सुई आणली ती पोरं आयांच्या मांडीवर घामाने भिजून झोपली होती. नर्सबाई मला हळूच म्हणाली, "मावशी, ह्यास्नी दोगास्नी निस्त्या पान्याची टोचू काय?"

मी म्हटलं, "टोच. पण पहिली कोणाला टोचशील?"

मग मी उठले. म्हटलं, "माझ्या नातीला टोचा. ती मुलगी आहे, उद्या दुसऱ्या घरी जाणार. तिच्या सुईने कोणाचा मान जात नाही आणि कोणाला येत नाही."

मला वाटलं होतं, यात खोट काढायला जागा नाही. थोरला मानकरी म्हणाला, "दुसऱ्या घरी जाईल तेव्हा जाईल. आज ती खालच्या वाडीची." आणि माझा नवरा भावकीत बसला होता, तो तिथूनच ओरडला, "तू गप बस गो! पुरुषांचं चाललंय."

नर्सबाईने डबा उघडून बघितलं. पाणी झालं होतं आणि पाण्यात बोटाएवढा एक तुकडा तरंगत होता. तिने झाकण लावलं आणि पट्टा खांद्याला अडकवला. "ह्यो तुकडा हाय तवर औषध हाय. तुमचं चालू द्या. मी जाते पलीकडं."

"कुठे?" मी विचारलं.

"बौद्धवाडीत. तितं पोरं हायत न्हवं?"

ती गेली. भांडणाऱ्यांपैकी कोणी बघितलंसुद्धा नाही. मी सुनेच्या मांडीवरून नातीला उचललं. सून उठून माझ्यामागे आली. "आत्या, नको. ते नको म्हणालेत."

"तू म्हणाली होतीस ना, दुसऱ्या कोणाच्या पोराला आधी टोचू दे म्हणून? तिथे टोचलेली असतील. बघ आणि मग बोल."

ती मागून येत राहिली, हातात पोरीचं टोपडं घेऊन. पऱ्यात पाणी नव्हतं, नुसते तापलेले दगड. पलीकडे पहिल्याच घराच्या पडवीत नर्सबाई बसली होती आणि बाटली फोडलेली होती. एका पोराला टोचून झालं होतं. तीन बायका पोरं घेऊन रांगेत होत्या. त्या घरातली बाई माझ्या बरोबरीची. काजूच्या दिवसांत आम्ही दोघी एकाच बागेत बोंडं गोळा करायला जायचो, त्यामुळे तिची जीभ मला माहीत होती.

"या," ती म्हणाली. "मान कुठे ठेवलात?"

"पऱ्यापलीकडे."

"मग रांगेत उभ्या राहा. हितं रांग हाय."

मी रांगेच्या शेवटी उभी राहिले. मला नवल वाटत होतं. म्हटलं, "तुम्ही एवढ्यात तयार कशा झालात? तुमच्याकडे भीती नव्हती काय?"

"होती की. सकाळी आम्ही पण नायच म्हणत होतो. नसबंदीचं आमच्याही कानावर आलेलं. पण तुमच्या देवळातला आरडाओरडा हितपर्यंत येत होता. पयली मला, पयली मला. दोन्ही मानकरी!" तिने हात हलवला. "म्हटलं, हे दोगे जे पयलं मागतात ते वाईट असंल कसं? आजपर्यंत त्यांनी कधी वाईट वस्तू पयली मागितलीय?"

गावात सुईच्या बाजूने कोणाच्या बोलण्याचा उपयोग झाला असेल तर तो मानकऱ्यांच्या, आणि त्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

ऊन फार होतं. तिने तांब्या पुढे केला, मी पाणी प्याले. सुनेनेही प्यायलं. माझ्या नातीची पाळी आली तेव्हा नर्सबाईने बाटली उजेडात धरून बघितली. एकाला पुरेल एवढं उरलं होतं. सुनेने डोळे मिटले. पोरगी ओरडली, तशी ती टोपडं घालतानाही ओरडायची. डब्यात बघितलं तर तो तुकडा विरघळला होता.

परत आलो तेव्हा देवळासमोर भांडण चालूच होतं. नर्सबाई मागून आली आणि म्हणाली, "झाली सुई. संपली."

दोन्ही मानकरी थांबले. "कोणाला टोचलीस?"

"बौद्धवाडीतल्या पोरास्नी. आन मावशींच्या नातीला."

"पयली कोणाला?"

तिने त्या पहिल्या घराचं नाव सांगितलं. बौद्धवाडीने छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हाच पालखी आणि तिची सगळी कामं सोडली होती. पालखीशी, मानाशी, देवळाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ज्यांनी मान मागितला नव्हता त्यांच्याकडे तो आपल्या पायांनी गेला होता. थोरल्या मानकऱ्याने बाही खाली केली.

आठवड्याने नातीचं अंग तापलं आणि पाठीवर थोडंसं पुरळ आलं. नर्सबाईने सांगितलं होतं तसंच. पण ते कोणाच्या लक्षात नव्हतं. शेजारीण दारातून बघून गेली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सुईनेच गोवर आला. तीन रात्री सून माझ्याशी बोलली नाही. मीसुद्धा झोपले नाही. मला मधला मुलगा दिसत होता, त्यालाही असंच पाठीवर आधी आलं होतं. चौथ्या दिवशी पोरीचा ताप उतरला, पुरळ मावळलं आणि तिने माझ्या ताटातला भात ओढला. तेव्हा सून म्हणाली, "आत्या, ते आले की तुम्हीच सांगा त्यांना." म्हणजे बोलणं चालू झालं.

मग मला देवळात बोलावलं. गावकी बसली होती. पऱ्यापलीकडचं पाणी प्यायले त्याबद्दल विचारतील असं वाटलं होतं. त्याबद्दल कोणी शब्द काढला नाही. आरोप वेगळाच होता.

"देवीचा कौल झाला होता," थोरला मानकरी म्हणाला. "पण मान ठरला नव्हता. तू मान ठरायच्या आधी सुई घेतलीस."

"मी नाही घेतली. नातीने घेतली."

"तेच ते."

"मी रांगेत शेवटी होते. शेवटच्या नंबरालाही मान असतो काय?"

त्यावर त्यांनी आपसात विचार केला. अगदी मनापासून केला. शेवटच्या नंबराला मान नसतो असं ठरलं, पण चूक ती चूक. दंड म्हणून देवीला एक नारळ. मी नारळ बरोबरच घेऊन गेले होते. काहीतरी द्यायला लागणार हे माहीत होतं. पदराखालून काढला आणि विचारलं, "कोणाच्या हातात देऊ? वरच्या की खालच्या?"

दोघांनीही हात पुढे केले होते. ते हात तसेच राहिले. भांडण सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत. मी नारळ देवीसमोरच्या पायरीवर ठेवला आणि घरी आले. दंडाचा नारळ स्वीकारायचा मान कोणाचा हे न ठरल्याने तो तिथेच राहिला. गुरव झाडताना तो उचलायचा आणि झाडून झालं की परत ठेवायचा.

पुढच्या पंधरवड्यात गोवर गावात शिरला. वरच्या वाडीत आला, खालच्या वाडीत आला. दारोदार डहाळे लागले. शेजारणीचं पोर आठ दिवस डोळे उघडत नव्हतं, ते वाचलं. वरच्या वाडीतलं एक वाचलं नाही. बौद्धवाडीत टोचलेल्या पोरांपैकी कोणाला आला नाही. आमच्या घरात आला नाही. नात शेजारणीच्या पडवीपर्यंत रांगत जायची, मी ओढून आणायचे, ती परत जायची. तिला काही झालं नाही.

आता गावाला सुई हवी होती. ते बोलायला जीभ वळत नव्हती, कारण मानाचं भिजत घोंगडं तसंच होतं. शेजारीण मला म्हणाली, "ती बाय परत कधी येणार गो?" मी म्हटलं, "का, देवी तुझ्या घरातून कोणाच्या घरी जाईल याची काळजी वाटते काय?" एवढं बोलून मी थांबले. तिचं पोर नुकतं उठून बसायला लागलं होतं.

नर्सबाई पहिल्या खेपेनंतर महिन्याने आली. यावेळी तिने डब्याला दोरी बांधून आणली होती, बर्फ कोणी काढू नये म्हणून. उरलेली सगळी लहान पोरं अंगणात. दोन्ही मानकरी समोरासमोर. कोणी बाही वर केली नाही, पण पहिलं पोर कोणी पुढेही करेना. आणि सगळं परत तिथेच अडलं असतं, पण गुरवाला घरी जेवायला जायचं होतं. त्याने पायरीवरचा नारळ उचलला.

"पयला मान देवीचा," तो म्हणाला. "हा तिचा नारळ. ह्याला टोचा."

दोन्ही मानकऱ्यांनी मान डोलावली. दोघांच्याही चेहऱ्यावर असं, की हेच आपण पहिल्यापासून सांगत होतो.

"नारळाला?" नर्सबाई म्हणाली.

"नारळाला."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "टोच बाई. भूक लागलीय सगळ्यांना."

तिने तिच्या पिशवीतून एक जुनी जाड सुई काढली, नळीत साधं पाणी भरलं आणि गुरवाने दाखवलेल्या मऊ डोळ्यात खुपसली. मग तिने सवयीने त्या जागी कापूस चोळला आणि सांगितलं, "ताप आला तर घाबरू नगा." कोणी हसलं नाही. "होय महाराजा" मात्र म्हणाले.

त्यानंतर पोरं भराभर झाली. वरच्या वाडीचं एक, खालच्या वाडीचं एक, असं आळीपाळीने, आणि कोणाचं आधी झालं ते कोणी मोजलं नाही कारण पहिला नंबर गेलेला होता. नारळ फोडला तेव्हा वेगळाच पेच आला. खोबरं कोणी खाईना. औषध आत गेलंय म्हणून. तेव्हा थोरला मानकरी पुढे झाला आणि त्याने पहिला तुकडा तोंडात टाकला. खालच्या मानकऱ्याने दुसरा टाकला, जरा मोठा बघून. गावाने चार-आठ दिवस दोघांवर नजर ठेवली. काही झालं नाही. थोरला मानकरी नंतर मरेपर्यंत सांगायचा की ते खोबरं खाल्ल्यापासून त्याला कधी गोवर आला नाही.

मी निघत होते तेवढ्यात त्याने हाक मारली. "हिला परत टोचून घे. हिची मानाच्या आधीची हाय. ती धरत नाय."

सून माझ्यामागे होती. जी महिन्यापूर्वी टोपडं घेऊन नको नको म्हणत मागे आली होती, तीच पुढे झाली आणि म्हणाली, "मामंजी, गोवराने ती धरली. तुम्ही नका धरू."

त्याने हातातल्या खोबऱ्याचा एक तुकडा मोडून नातीच्या मुठीत दिला. तिला दात दोनच होते. ती तो चोखत राहिली. मी तिला कडेवर घेतलं आणि आम्ही घरी आलो. चूल विझली होती.